शेतकऱ्याचा कुत्रा : ओट्यावर, घरांत कीं खोपटांत ?

खंडोबाच्या सान्निध्यांत कुत्रा आहे, दत्तात्रेयांच्या भोंवतीं चार कुत्रे आहेत, आणि सोबतच्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत जाण्यास धर्मराजानें नकार दिल्याची कथा महाभारतांत आहे. इतका मान असूनही शेतकऱ्याच्या घरीं कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेरच राहिली. दिवसा अंगणांत, रात्रीं ओट्यावर किंवा खळ्यावर, आणि उरल्या भाकरीचा तुकडा हें त्याचें वेतन, असा शिरस्ता होता. हल्लीं शहरांत राहणारीं मुलें कुत्र्यास घरांत ठेवितात व बिछान्यावरही घेतात. सुटींत तीं गांवीं आलीं म्हणजे ह्या गोष्टीवरून वडीलधाऱ्यांशीं वाद होतो. मुलांस वडील निर्दय वाटतात, वडिलांस मुलें अविचारी वाटतात. आमच्या मतें हा प्रश्न केवळ मायेचा किंवा सोंवळ्याचा नाहीं. कुत्रा रात्रीं कोठें असतो, ह्यावर घरांतील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. म्हणून त्याचा विचार येथें क्रमानें करूं.

१. जुन्या शिरस्त्यांत काय चांगलें होतें. कुत्रा स्वयंपाकघरापासून दूर राही, हें आरोग्यास हितकर होतें. कुत्र्याच्या आंतड्यांत एक अतिशय बारीक पट्टकृमि राहतो. त्याचीं अंडीं विष्ठेंतून बाहेर पडतात आणि हात, भाजी किंवा पाणी ह्यांच्याद्वारें माणसाच्या पोटांत जातात. पुढें यकृतांत किंवा फुफ्फुसांत पाण्यानें भरलेल्या गांठी होतात, व कित्येकदां शस्त्रक्रिया करावी लागते. मेंढ्यांस व गुरांसही अशाच गांठी होतात, आणि अशा जनावराचें कच्चें काळीज किंवा फोपसें खाल्ल्यानें तो कृमि पुन्हा कुत्र्यांत येतो. म्हणून बकरें कापल्यावर त्याचे टाकाऊ अवयव कुत्र्यास घालूं नयेत, खोल पुरावेत. कुत्र्यास कृमिनाशक औषधही पशुवैद्यांच्या सल्ल्यानें वेळोवेळीं द्यावें.

२. परिस्थिति कोठें बदलली. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचें व कालव्यांचें पाणी आल्यावर जुन्नर, आंबेगांव, शिरूर ह्या तालुक्यांत ऊस वाढला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतांत उभा असतो. त्यांत बिबट्यास आडोसा मिळतो, जवळ पाणी असतें, आणि मादी तेथेंच पिल्लें घालते. खाणें मात्र त्यास वस्तीवर मिळतें. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत बिबट्यांची विष्ठा तपासून केलेला एक अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनापैकीं ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा आढळला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळीपेक्षां कुत्राच त्याच्या तोंडीं अधिक पडतो. ह्याचें कारण उघड आहे. शेळ्या आपण रात्रीं कोंडतों, कुत्रा बाहेर ठेवितों.

ह्यावरून काय निष्पन्न होतें तें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. ओट्यावर सांखळीनें बांधलेला कुत्रा पळूं शकत नाहीं, लढूंही शकत नाहीं. तो केवळ आमिष होतो, आणि तें आमिष आपण आपल्याच दाराशीं ठेवितों. उन्हाळ्यांत त्याच ओट्यावर मूल निजलेलें असतें.

३. कोंडल्यावर राखण कशी होईल ? ही शंका पुष्कळांकडून ऐकूं येते. परंतु कुत्रा राखण करितो ती मुख्यतः नाकानें, कानानें आणि आवाजानें. दांतांचें काम क्वचितच पडतें. जाळीच्या आंतूनही त्यास वास येतो, चाहूल लागते व तो भुंकतो. मेंढपाळांच्या वाड्याशीं कुत्रे रात्रीं मोकळे असतात हें खरें. पण तेथें ते अनेक असतात व माणूसही जागा असतो. एकट्या वस्तीवरील एकट्या कुत्र्यास तो नियम लावतां येत नाहीं.

४. खोपट कसें असावें. घराच्या भिंतीस लागून, सुमारें ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच असें पक्कें खोपट बांधावें. जोतें जमिनीपासून वर असावें. छप्पर पूर्ण बंद असावें; कारण बिबट्या वरून सहज उतरतो. एका बाजूस मजबूत लोखंडी जाळी आणि दारास बाहेरून कडी असावी. दिवस मावळण्यापूर्वीं कुत्रा आंत जावा, व उजाडल्यावर मोकळा व्हावा. बंद करतांना आंत पाणी ठेवण्यास विसरूं नये. ज्यांस कुत्रा घरांतच घ्यावयाचा असेल त्यांनीं तो पडवींत निजवावा. चुलीपाशीं व बिछान्यांत घेऊं नये.

५. पिसाळ रोग. माणसास होणाऱ्या ह्या रोगाचे ९९ टक्क्यांपर्यंत प्रसंग कुत्र्यांमुळें घडतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. परंतु लस वेळेवर घेतल्यास रोग टळतो. पाश्चर ह्यांनीं १८८५ सालीं माणसास प्रथम ही लस दिली. पोटांत चौदा सुया घ्याव्या लागतील ह्या भीतीनें अद्याप कांहीं लोक दवाखान्यांत जात नाहींत. ती जुनी पद्धत आतां राहिलेली नाहीं. लस दंडावर देतात. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें १५ मिनिटें धुवावी. तिच्यावर चुना, मिरची, हळद कांहींही लावूं नये. त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत जावें, आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. चावणारा कुत्रा घरचा असला तरी हयगय करूं नये. पिल्लू तीन महिन्यांचें झालें कीं त्यास लस द्यावी, आणि पुढें दरसाल द्यावी. रात्रीं खोपटांत असणारा कुत्रा गांवच्या मोकाट कुत्र्यांत मिसळत नाहीं. त्यामुळें हें भयही कमी होतें.

तात्पर्य, दिवसा बाहेर व रात्रीं बंदिस्त, हा आजच्या शेतकऱ्यास योग्य असा मार्ग होय. शेळ्यांच्या वाड्यास आपण जो खर्च करितों त्याच्या अल्प भागांत हें खोपट होतें. ऊसतोड सुरू झाली म्हणजे बिबट्यांचा आडोसा मोडतो व ते वस्त्यांच्या जवळपास फिरूं लागतात. यास्तव हें काम तोडीच्या हंगामापूर्वीं उरकून घ्यावें.