वणव्यापूर्वीं गांवाची तयारी
(गांवोगांवच्या मंडळ्यांकरितां अभ्यासपाठ)



माघ सरतां सरतां रामटेक, देवलापार, उमरेड या बाजूच्या जंगलांत सागाचीं पानें गळूं लागतात. फाल्गुनांत सारी जमीन वाळल्या पाचोळ्यानें झांकून जाते, आणि मग विडीचें एक थोटूकही पुरें होतें. महाराष्ट्राचें वनखातें १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतें. यास्तव त्याविषयींचा विचार हंगाम लागण्यापूर्वींच झाला पाहिजे.

१. आग कोणाच्या हातून लागते?

बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो असें पुष्कळ लोक म्हणतात. परंतु आपल्याकडील बहुतेक वणवे मनुष्याच्या हातून लागतात. मोहाचीं फुलें पहाटे गळतात. तीं पाचोळ्यांत दिसत नाहींत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपें जाळतात. शेतकरी धुरा साफ करण्यासाठीं पेटवितो. यांपैकीं कोणीही जंगलाचा वैरी नव्हे; पोटासाठींच तो हें करतो. पण आग तशीच सोडून तो घरीं येतो, आणि दुपारचा वारा ती पुढें नेतो. मग गुरांचा चारा जातो, कधीं गोठा व तणसीचा ढीगही जातो. ज्या मोहाखालीं आग लावली, त्याचींच कोवळीं रोपें तींत मरतात. म्हणजे लेंकरांच्या वांट्याचा मोह आपणच जाळतों.

२. एका गांवाचें उदाहरण

चंद्रपूर जिल्ह्यांतील गोंडपिपरी तालुक्यांत पाचगांव नांवाचें लहान गांव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें २०१२ सालीं तेथील लोकांस आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठीं झाडें छाटावीं लागतात व आगी लावल्या जातात, हें जाणून त्यांनीं तेंदू तोडणेंच बंद केलें, आणि बांबूच्या विक्रीवर भर दिला. तेंदू म्हणजे उन्हाळ्यांत हातांत येणारा रोख पैसा. तो सोडणें सोपें नव्हतें. एकाच घरानें तो सोडला असता, तर त्या घराचें नुकसान झालें असतें आणि आग दुसऱ्यानें लावलीच असती. सर्वांनीं मिळून ठरविलें, म्हणूनच तें ठरविणें उपयोगी पडलें.

३. गांवानें करावयाचीं कामें

पहिलें: हंगामापूर्वीं ग्रामसभा भरवावी. मोहाखालचा पाचोळा जाळूं नये; तो झाडून दूर सारावा व तेथें जुनें लुगडें किंवा जाळी अंथरावी. धुरा जाळण्याऐवजीं कापून साफ करावा. घर, गोठा व तणस यांच्याभोंवतीं जमीन मोकळी ठेवावी.

दुसरें: वनरक्षकास भेटून जाळरेषेच्या कामास हात लावावा. गवत व पाचोळा काढलेला मोकळा पट्टा आगीस अडवितो. मात्र तो जाळून करावयाचा असल्यास वनखात्याच्या देखरेखीखालींच करावा. राखीव जंगलांत आग लावणें हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें गुन्हा आहे.

तिसरें: पाळीनें राखण करावी. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्यानें आग हेरून मोबाइलवर सूचना पाठविते. परंतु उपग्रह ठराविक वेळींच डोक्यावरून जातात, आणि लहान आग त्यांतून सुटूं शकते. टेकडीवर बसलेल्या गुराख्यास धूर आधीं दिसतो. त्यानें कोणास कळवावें हें ठरलेलें असावें, व वनरक्षकाचा क्रमांक घरोघरीं लिहिलेला असावा.

चौथें: विझविण्यास एकट्यानें जाऊं नये. सुती कपडे घालावे, हिरव्या डहाळ्यांनीं आग झोडपावी, आणि जळून गेलेल्या बाजूनेंच तिच्याजवळ जावें. चढावर आगीच्या पुढें कधींही उभें राहूं नये. चढावर ती माणसाहून वेगानें धांवते. आग आटोक्याबाहेर दिसतांच मागें फिरावें. म्हातारे व मुलें यांस कोणी कोठें न्यावें आणि गुरांचीं दावीं कोणी सोडावीं, हेंही आधींच नेमून ठेवावें. आग विझल्यावरही धुमसणाऱ्या ओंडक्यांवर रात्रभर नजर ठेवावी.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत आग बहुधा कोणत्या कामामुळें लागते? तें काम आगीशिवाय कसें करतां येईल?
२. तें करतांना कोणत्या घराचें उत्पन्न बुडेल? त्या घरास बाकीच्यांनीं कसें साहाय्य करावें?
३. उद्यां दुपारीं धूर दिसला, तर प्रथम कोण धांवेल?

पाठ घेणाऱ्यानें तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर नांवांसह लिहून घेतल्यावांचून सभा सोडूं नये.