संगणक मंदावतो तेव्हा

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतील चार संगणक ‘म्हातारे’ ठरले. आलेख काढायला घेतला की पडदा गोठायचा. नव्या यंत्रांसाठी मागणीपत्र लिहायला बसलो आणि मनात आले, विद्युतमंडलात बिघाड झाला तर आपण आधी मापी जोडतो; मग येथे न मोजताच निदान का करावे?

मोजण्याचे साधन विंडोजमध्येच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे आलेख सरकताना दिसतात. आमच्याकडे प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता, मेमरी काठोकाठ भरली होती आणि डिस्क सतत 100 टक्के गुंतलेली. डिस्कवर तर आम्ही काहीच लिहीत नव्हतो! मग हे काम कसले?

प्रयोगशाळेतले टेबल आणि मागची सामानाची खोली डोळ्यांसमोर आणा. टेबल म्हणजे मेमरी, खोली म्हणजे डिस्क. टेबलावरची जागा संपली की एक उपकरण खोलीत ठेवून दुसरे आणावे लागते. लगेच पहिलेच हवे झाले तर पुन्हा फेरी. ऑपरेटिंग सिस्टिम नेमके हेच करते. फेऱ्या इतक्या वाढतात की मूळ काम जागीच राहते. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये तिची कारणमीमांसा मांडली.

एक फेरी किती महाग पडते? डिस्कची चकती मिनिटाला 7200, म्हणजे सेकंदाला 120 आवर्तने करते. एका आवर्तनास 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धे आवर्तन, म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद लागतात. ते टोक सरकायला आणखी सुमारे 9. एकूण 13. मेमरीला याच कामास सुमारे 100 नॅनोसेकंद पुरतात. भागाकार करून पाहा: 1,30,000! टेबलावरची वस्तू उचलायला एक सेकंद लागत असेल, तर खोलीतली आणायला दीड दिवस. (एसएसडीत फिरणारे काही नसते, तेथे हा दीड दिवस साधारण पाव तासावर येतो. पण फेरी ती फेरीच.)

प्रोसेसेस या यादीत ‘मेमरी’ या शब्दावर टिचकी मारली की सर्वात जास्त जागा अडवणारे वर येतात. आमच्याकडे ब्राउझरची डझनभर उघडी पाने आणि संगणक सुरू होताच आपोआप जागे होणारे काही प्रोग्रॅम निघाले. स्टार्टअपमधून ते बंद केले. दोन यंत्रे सुधारली. उरलेल्या दोहोंची मेमरी 4 जीबीवरून 8 केली. मागणीपत्र फाडून टाकले.

मात्र मेमरी भरलेली दिसणे हाच रोग समजू नका. रिकामी जागा पुढे लागणाऱ्या माहितीसाठी सिस्टिम स्वतःच वापरते, म्हणून ‘अव्हेलेबल’ हा आकडा पाहावा. ‘मेमरी साफ’ करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी तर मुळीच लागू नये. ते पुष्कळदा कामाच्या वस्तूही खोलीत ढकलतात, आणि मग पुन्हा दीड दिवस!

आता तुमच्या शाळेतील संगणक चांगला चालत असतानाच, सुरू केल्यावर दहा मिनिटांनी तिन्ही आकडे वहीत उतरवा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी. यंत्र कुरकुरू लागले की त्या दिवसाचे आकडे शेजारी लिहा आणि तिघांपैकी कोणता बदलला ते शोधा.