आधी तापमान, मग घनता

गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात असतो, तर पौषातल्या पहाटे तो 10 अंशांखालीही उतरतो. राईस मिलचे जनरेटर, शेतातले ट्रॅक्टर आणि देवरी-कोहमारामार्गे धावणारे ट्रक यांचे डिझेल याच दोन टोकांच्या मध्ये भरले, साठवले आणि मोजले जाते. म्हणून इंधनात खोट असल्याची शंका येणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे हे की, सोबत तापमान लिहिलेले नसेल तर घनतेच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अशा आकड्यावरून प्रामाणिक पंपवाला चोर ठरू शकतो आणि भेसळ करणारा सहज सुटू शकतो.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. पेट्रोल एका अंशाने तापले की त्याचे आकारमान साधारण हजारात एक ते सव्वा भागाने वाढते. डिझेलचे त्याहून थोडे कमी. वजन तेवढेच राहते, म्हणून घनता घटते. 15 अंशांना 745 किलोग्रॅम प्रति घनमीटर घनता असलेले पेट्रोल 42 अंशांना हायड्रोमीटरवर जवळपास 721 दाखवते. माल तोच, फरक 24 चा. पंपावरची घनता तक्त्याने 15 अंशांवर आणून टँकरसोबत आलेल्या चलनावरच्या घनतेशी ताडतात आणि त्यात 3 पर्यंतचा फरक चालतो. आता थर्मामीटर साडेतीन अंश चुकला, किंवा जारमधले पेट्रोल स्थिरावण्याआधीच आकडा टिपला, तर ही सगळी सूट त्या एका चुकीतच संपते. हायड्रोमीटरकडे सगळ्यांचे लक्ष असते. निकाल मात्र बहुतेकदा थर्मामीटर ठरवतो.

हाच नियम लिटरलाही लागू आहे. 12,000 लिटर डिझेलचा टँकर उन्हात तापून आला आणि माल जमिनीखालच्या टाकीत 5 अंशांनी निवला, तर डीपमध्ये, म्हणजे टाकीत मोजपट्टी बुडवून घेतलेल्या मापात, सुमारे 50 लिटर कमी भरतात. तेवढ्यावरून ड्रायव्हरवर चोरीचा आळ घेणे अन्यायाचे. उलट थंडीत काठोकाठ भरलेले 200 लिटरचे बॅरल उन्हाळ्यात 30 अंशांनी तापले, तर आतल्या डिझेलला आणखी 5 लिटर जागा लागते. बॅरल फुगते किंवा बुचातून गळते. मात्र याच नियमाच्या जोरावर ‘पहाटे भरले की जास्त मिळते’ असा सल्ला दिला जातो, तो फोल आहे. पंपाची टाकी जमिनीत असते आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. एका अंशाचा फरक धरला तरी 40 लिटर पेट्रोलमागे 50 मिलिलिटरच्या आतच लाभ होतो.

यावर कोणी म्हणेल, एवढी काटेकोर घनता पाहिली तर भेसळ नक्की पकडता येईल. तसेही नाही. 830 घनतेच्या डिझेलमध्ये 800 घनतेचे रॉकेल दहा टक्के मिसळले, तर घनता 827 होते. म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या अगदी काठावर. हलके आणि जड द्रावक प्रमाणात मिसळून आकडा जुळवताही येतो. भेसळीच्या धंद्याचे हात किती लांब पोचतात हे महाराष्ट्राने 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. मग घनता तपासायची कशाला? ढोबळ भेसळ तिच्यात लगेच उघडी पडते आणि तपासणीची सवय असली की तसे धाडस कमी होते, म्हणून. आकडा जुळला नाही तर शंका घ्यायला आधार मिळतो. जुळला म्हणून माल शुद्ध ठरत नाही. अंतिम निवाडा प्रयोगशाळेचाच.

इथेनॉलने या हिशेबात नवी भर घातली आहे. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड असल्याने 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर गेलेल्या मिश्रणाची घनता सुमारे 5 ने वाढते. जुने आकडे मनात धरून तुलना केली तर चांगला माल खोटा वाटेल. खरा धोका पाण्याचा. पाणी पुरेसे शिरले की इथेनॉल त्याच्यासह तळाशी वेगळे होते आणि वरून घेतलेल्या नमुन्यात ते दिसतही नाही.

तेव्हा शंका आली तर आवाज चढवण्याआधी चलनावरची 15 अंशांची घनता मागा. नमुना नोझलमधून स्वच्छ जारमध्ये, सावलीत घ्या. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर दोन्हींचे आकडे स्वतः वाचा आणि तक्ता समोर उघडायला लावा. पेट्रोलचा थेंब फिल्टर पेपरवर टाका; तो उडून गेल्यावर डाग उरता कामा नये. मापाची शंका वेगळी ठेवा. त्यासाठी वैधमापन विभागाचा शिक्का असलेले 5 लिटरचे माप मागा. त्यात 25 मिलिलिटरपेक्षा जास्त तूट खपवून घेऊ नका. मिल किंवा ट्रक चालवणाऱ्यांनी आपल्या वहीत लिटरशेजारी तापमानाचा रकाना आखावा. तक्रार करायची वेळ आली तर तारीख, तापमान आणि घनता एकत्र लिहिलेली नोंदच तुमच्या बाजूने उभी राहील.