सूतिकेचे मनःस्वास्थ्य : एक दुर्लक्षित परिचर्या

सूतिका परिचर्या म्हटली की अभ्यंग, शेकशेगडी, दशमूलारिष्ट, डिंक-आळिवाचे लाडू हे सारे आपल्याला आठवते. मनाची विचारपूस मात्र राहून जाते. औषध नेण्यास बहुधा सासूबाई किंवा पती येतात आणि ‘दूध कमी आहे’, ‘झोप नाही’ एवढेच सांगतात. सूतिकेचे स्वतःचे म्हणणे वैद्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून या विषयाचा येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

शास्त्रविचार

गर्भवृद्धीमुळे शिथिल झालेले धातू, प्रवाहणाचे श्रम आणि क्लेद-रक्ताचा स्राव यांमुळे चरकाचार्यांनी सूतिकेस शून्यशरीरा मानले आहे. सूतिकाकाल सुश्रुतमते दीड महिना, तर काश्यपमते सहा महिने आहे. व्यवहारात सव्वा महिना सरला की विश्रांती संपते. मनोविकार मात्र त्यानंतरही प्रकट होऊ शकतो. चरकोक्त त्रिविध औषधांतील सत्त्वावजयाचे स्थान येथेच आहे.

तीन अवस्था

१) तात्कालिक खिन्नता : तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणे, चिडचिड. विश्रांती व आधार मिळाल्यास ही दोन आठवड्यांत शमते.

२) प्रसूतीपश्चात विषाद : दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निरुत्साह, अपराधीपणा, बाळ झोपले तरी झोप न येणे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ३८ भारतीय अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. गोव्यातील २००२ च्या अभ्यासात दारिद्र्य, पतीकडून होणारी हिंसा आणि मुलाची अपेक्षा असता मुलगी होणे यांचा विषादाशी संबंध दिसला. केवळ वातशमनाने ही कारणे दूर होणार नाहीत, हे ध्यानी घ्यावे.

३) सूतिकोन्माद : दर हजार प्रसूतींत एक ते दोन, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. भ्रम, भास, असंबद्ध बोलणे, दिवसेंदिवस झोप नसणे. ही आत्ययिक अवस्था असून रुग्णालयातच उपचार व्हावेत.

चिकित्सकांसाठी

सूतिकेस प्रत्यक्ष बोलवावे आणि काही वेळ एकटीशी बोलावे. ‘गेल्या आठवड्यात मन कसे होते? कशात गोडी वाटते का?’ इतके विचारले तरी बोलणे सुरू होते. १९८७ साली तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली दहा प्रश्नांची असून चिकित्सालयात सहज वापरता येते. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यास होकार आल्यास एकूण गुण कितीही असोत, सूतिकेस एकटी न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

पांडु व थायरॉइडचे विकार तपासून घ्यावेत. सर्पगंधायुक्त कल्प सूतिकेस निद्रेसाठी देऊ नयेत. त्यातील रिसर्पिन विषाद वाढवू शकते व स्तन्यातही उतरते. मनोविकारतज्ज्ञाने दिलेली औषधे आपल्या सल्ल्याने बंद करू नयेत. नातेवाइकांना सांगावे की, रात्री बाळाला काही तास दुसऱ्याने सांभाळणे व आईस सलग झोप मिळणे हे चिकित्सेचेच अंग आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

‘बाळंतिणीला झोपेचे काहीतरी द्या’ अशी मागणी आल्यास औषध न देता ‘त्यांना वैद्यांकडे घेऊन या’ असे सांगावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा (१४४१६) २०२२ पासून सुरू असून ती मराठीतूनही मिळते. हा क्रमांक दुकानात दर्शनी भागी लावावा.

बाळाचे वजन आपण प्रत्येक भेटीत विचारतो. त्याच वेळी आईचे मनही विचारावे, एवढीच व्यवसायबंधूंना व भगिनींना आमची विनंती आहे.