लिहिले, पण तपासले का?

मुलांनो, दादर स्थानकावरची आरक्षणाची खिडकी तुम्ही पाहिली असेल. कारकून बटणे दाबतो आणि तिकीट छापून बाहेर येते. कोणत्या गाडीत किती जागा रिकाम्या आहेत, एखाद्याने तिकीट रद्द केले तर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या कोणाला द्यायची, हे संगणकाला कसे कळते?

संगणकाला आपोआप काहीच कळत नाही. १९८५ मध्ये दिल्लीला रेल्वेचे आरक्षण संगणकावर सुरू झाले. पुढे ते मुंबईतही आले. सी.एम.सी. या तेव्हाच्या सरकारी कंपनीने त्याचा प्रोग्राम तयार केला. अशा कामात प्रोग्रामने काय काय करावे, याची यादी आधी करावी लागते. तिला 'गरजांची यादी' म्हणतात.

या यादीला महागडी साधने लागतातच असे नाही. कार्यालयातले एक्सेलही पुरते. समजा, परळच्या एका उर्दू शाळेच्या ग्रंथालयासाठी प्रोग्राम हवा आहे. पाच रकाने आखा: क्रमांक, काय हवे, कोणी सांगितले, कसे तपासणार, झाले का.

ग्रंथपाल सांगतात, "पुस्तक सात दिवसांसाठी द्यायचे." ही गरज क्रमांक १. उर्दूचे शिक्षक सांगतात, "उर्दू नावे उजवीकडून डावीकडे दिसावीत." ही गरज क्रमांक २. आपल्याला ही गोष्ट इतकी सवयीची आहे, की ती सांगावीशीही वाटत नाही. पण न सांगता प्रोग्राम करणाऱ्याला ती कशी कळणार? "प्रोग्राम चांगला हवा," असे मात्र लिहू नये. ते तपासता येत नाही.

गरज बदलली, तर जुनी ओळ पुसू नका. तिच्यापुढे तारीख घालून 'रद्द' लिहा आणि नव्या गरजेला नवा क्रमांक द्या. यादी एकानेच सांभाळावी. नाहीतर चौघांकडे चार याद्या होतात.

१९९९ मध्ये अमेरिकेचे एक यान मंगळाजवळ नष्ट झाले. आकडे मेट्रिक मापात द्यावेत, असे लिहून ठेवलेले होते. पण पृथ्वीवरच्या एका प्रोग्रामने ते पौंडांच्या मापात दिले आणि ही चूक वेळेवर कोणी पकडली नाही. म्हणजे लिहिणे हे अर्धे काम. चौथा रकाना भरून तसे तपासणे, हे उरलेले अर्धे.

स्वाध्याय
१. गरजेची जुनी ओळ का पुसू नये?
२. आपल्या शाळेच्या हजेरीपटासाठी पाच गरजा लिहा. प्रत्येक गरज कशी तपासाल, तेही लिहा.