बांधावरील सरडा

बोरिवली-मुलुंडच्या डोंगरपायथ्याशीं, आरेच्या गवतांत किंवा गोराईच्या वाडींत कुंपणावर मान हालवीत बसलेला सरडा कोणीं पाहिला नाहीं? परंतु त्याची खरी ओळख थोड्यांसच असते.

शेंपटीसह तो सुमारें १ फूट भरतो; त्यांत दोन भाग शेंपटीच असते. मानेपासून पाठीवर काट्यांची ओळ असते. पालीप्रमाणें त्याची शेंपटी सहज तुटत नाहीं. विणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या सुमारास, नराचें डोकें व गळा लाल होतो. तेव्हां तो उंच जागीं पुढच्या पायांवर अंग उचलून दुसऱ्या नरास दरडावितो. या लालीवरूनच इंग्रजींत त्यास 'रक्तशोषक' असें नांव पडलें, व आमच्याकडेहि त्यास विषारी समजून धोंडे मारतात. वस्तुतः त्यास विष नाहीं व तो रक्तहि शोषीत नाहीं. नाकतोडे, अळ्या, मुंग्या, भुंगेरे हें त्याचें भक्ष्य. क्वचित् उपकारक किडाहि तो गिळतो, हें खरें. तथापि तो पिकास तोंड लावीत नाहीं.

मादी मऊ मातींत खळगा उकरून बहुधा १० ते २० अंडीं घालते व माती लोटून निघून जाते. पिलें सुमारें ६-७ आठवड्यांनीं बाहेर पडतात. वांग्यांचे वाफे खुरपतांना अशीं अंडीं आम्हीं एकदां सापाचीं समजून ठेंचलीं. वाचकांनीं ही चूक करूं नये. अंडीं लागल्यास तीं न उलटतां पुन्हां मातीनें झांकावीं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असें आपण हिणवून म्हणतों. शेतकऱ्यास तरी राखणदार तेवढ्याच हद्दीचा हवा असतो.