धक्क्याला लागलेली बोट

प्रश्न : माझ्याकडे ट्रॉलरचे 75 सेंमी लांब मॉडेल आहे. ते ससून डॉकच्या देखाव्यात मांडायचे आहे. सगळे बंदर करावे लागेल का? पाण्यासाठी बोटीचा तळ कापावा लागेल का?
– एक वाचक, खालापूर

उत्तर : दोन्हींची गरज नाही. 15 मीटरच्या ट्रॉलरचे 75 सेंमी मॉडेल म्हणजे 1:20 प्रमाण. या मापात 200 मीटरचा धक्काच 10 मीटर होईल. म्हणून धक्क्याचा एकच कोपरा घ्यावा : दगडी भिंत, दोन पायऱ्या, दोरखंड, लोंबते टायर. माणसे साधारण 8 सेंमी उंच हवीत. हे प्रमाण चुकले की बोट लगेच खेळणे वाटते.

तळ कापू नये. प्लायवूडवर थर्माकोल बसवून त्यात पाणरेषेपर्यंत खोबण करावी, म्हणजे बोट पुन्हा काढता येते.

1875 साली खुल्या झालेल्या या गोदीचे पाणी निळे नाही, गढूळ हिरवट आहे. प्लास्टरच्या लाटा त्याच रंगात रंगवून वर चकचकीत व्हार्निश देणे सर्वांत सोपे. भिंतीवर भरतीची ओली, शेवाळी रेघ मात्र हवीच. देखाव्यात जीव येतो तो तिच्यामुळे.

इपॉक्सी रेझिन वापरायचे तर पातळ थरांत ओतावे. जाड थर तापतो आणि थर्माकोल वितळू शकतो. कर्जत-खालापूरच्या पावसाळी दमटपणात ते धुरकट होते, म्हणून हे काम हिवाळ्यात, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून करावे. देखाव्यात पाताळगंगा नदीची वाळू वापरायची तर तीही आधी चाळून पूर्ण वाळवावी.